भिंगरीच्या कोटाची बटणं

शाळेचं पत्र चार पानांचं होतं आणि त्यात एकही वाक्य सरळ नव्हतं. 'आपल्या पाल्याच्या शालेय कार्यक्षमतेच्या अनुषंगाने व्यवसायोपचार मूल्यमापन प्रस्तावित आहे.' माझा नवरा बस चालवतो. त्याला पाट्या वाचायची सवय, पत्रं वाचायची नाही. त्याने ते वाक्य दोनदा वाचलं आणि म्हणाला, "सात वर्षांच्या पोरीला आत्तापासून धंद्याला लावतायत की काय?"

मला हसू आलं नाही, कारण वर्गाच्या बाईंनी आदल्याच दिवशी मला फाटकाशी गाठून सगळं समजावलं होतं. भिंगरीच्या हातांत जोर नाही. पेन्सिल धरते, पण चार ओळींनंतर हात गळतो. बाकीची मुलं वह्या मिटतात तेव्हा हिचं निम्मं पान कोरं असतं. तपासणी झाली आणि तिला मदतीची गरज आहे असं ठरलं, तर एक थेरपिस्ट शाळेतच आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास तिच्या हातांकडून काम करून घेईल. तसं ठरलं नाही, तर पुढच्या वर्षी तिला याच वर्गात परत बसवावं लागेल. "हुशार आहे हो ती," बाई म्हणाल्या. "डोकं धावतंय, हात मागे राहतायत."

भिंगरी हे तिचं शाळेतलं नाव नाही. एका जागी दोन मिनिटं बसली तर मी तिच्या कपाळाला हात लावून ताप बघते, म्हणून भिंगरी.

पत्राच्या मागे पालकांनी भरायचा फॉर्म होता. चाळीस प्रश्न आणि प्रत्येकापुढे तीन चौकोन: हो, कधीकधी, नाही. चमच्याने न सांडता खाते का. कात्रीने रेषेवर कापते का. पेन्सिल किती वेळ धरते. मी तो माझ्या दुकानात, शिलाई मशीनवर ठेवूनच भरला. पेन्सिलीचे प्रश्न खरे भरले, कारण ते शाळेला माहीतच होते. सतरावा प्रश्न होता: 'कपड्यांची बटणे स्वतः लावते व काढते का?' मी 'हो' वर खूण केली आणि अठराव्याकडे गेले. हात जरासुद्धा अडखळला नाही.

हे का केलं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मी कपडे दुरुस्त करते. नवे शिवत नाही. उसवलेलं, विरलेलं, घट्ट, सैल असं काहीही आणा, मी ते अंगाला बसवून देते. मी केलेली दुरुस्ती दिसली तर माझी मला लाज वाटते. गिऱ्हाईक म्हणतं, "कुठे फाटलं होतं तेच सापडत नाही," तेव्हा माझा दिवस चांगला जातो.

दोन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या घरची सगळी माणसं एकत्र जमली होती. निघताना दारात चपला-बुटांची गर्दी, आणि त्या गर्दीत मी गुडघ्यावर बसून भिंगरीच्या कोटाची बटणं लावत होते. माझी थोरली जाऊ वरून बघत होती. तिची जीभ म्हणजे माझी मोठी कात्री, म्यानात राहतच नाही. "दिव्याखाली अंधार गं बाई!" ती म्हणाली. "दुनियेचं काज-बटण करणार ही, आणि हिच्या घोडीएवढ्या लेकीला अजून आई लागते." सगळे हसले. भिंगरीही हसली, कारण सगळे हसत होते. घरी आल्यावर तिने कोट पलंगाखाली कोंबला आणि तो पुन्हा घालणार नाही म्हणून सांगितलं.

तिला शिकवायचा प्रयत्न मी केला नव्हता असं नाही. रोज सकाळी शाळेची घाई, पोरगी बटण काजापर्यंत न्यायची आणि तिथे तिची बोटं जणू कुणी दुसऱ्याची असल्यासारखी वागायची. बटण सुटायचं. ती रडायची. मग मी ओरडायचे, मग मी लावायचे. जाऊ बोलली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी तो कोट दुकानात नेला. काजं आतून शिवून बंद केली. बटणं उसवून त्याच काजांवर वरून घट्ट बसवली, लावलेली दिसावीत अशी. आणि आत, प्रत्येक बटणामागे, नखाएवढा वेल्क्रोचा तुकडा. वरून बघणाऱ्याला पाच बटणं लावलेला नीटस कोट. भिंगरीला फक्त तळहाताने पाच ठिकाणी थापटायचं. टप, टप, टप, टप, टप.

भानगड होती ती काढताना. वेल्क्रो कितीही छोटा घेतला तरी कर्र करतोच. मी म्हटलं, "उघडताना खोकायचं." आम्ही दोघींनी आरशासमोर सराव केला. ती खोकायची आणि ओढायची, मी डोळे मिटून ऐकायचे आणि आवाज आला की नाही ते सांगायचे. हसून हसून आमची पुरेवाट झाली होती. "झाकली मूठ सव्वा लाखाची," मी तिला म्हणाले. "कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही. बाबांना माहीत आहे तेवढं पुरे." तिने मान हलवली. माझी पोरगी शब्दाची पक्की आहे.

पुढच्या भेटीत जाऊ म्हणाली, "शिकली एकदाची!" मी त्या दिवशी घरी येईपर्यंत मनात गात होते. मग शाळेचा शर्ट झाला, चित्रकलेचा अंगरखा झाला, सगळे कपडे झाले. दोन वर्षांत माझी लेक बटणं लावत नाही, हे मी विसरून गेले. हे कुणाला पटायचं नाही, पण खरं आहे. खोटं इतकं बेमालूम शिवलं की मलाच ते खरं वाटायला लागलं. म्हणून सतराव्या प्रश्नाशी हात अडखळला नाही.

तपासणीची खोली म्हणजे नकाशे आणि जुने फुटबॉल ठेवायची जागा होती. त्यातच एक ठेंगणं टेबल आणि दोन ठेंगण्या खुर्च्या मांडल्या होत्या. थेरपिस्ट बाई तरुण होत्या, खांद्याला भलीमोठी पिशवी, बुटांवर धूळ. सकाळी एका शाळेत, दुपारी इथे आणि इथून तिसरीकडे जायचं होतं त्यांना. मला म्हणाल्या, "आई, तुम्ही बाहेर बसा. दाराच्या काचेतून बघू शकता. ही परीक्षा नाही बरं का, यात पास-नापास काही नसतं."

असं सगळेच म्हणतात. पण समोर घड्याळ लावून, हातात पेन घेऊन कुणी तुमच्या लेकराकडे बघायला लागलं की ती परीक्षाच होते. मी काचेला नाक लावून उभी राहिले आणि मनात एकच: पोरी, लाज राख.

मणी ओवायला दिले. सहा ओवले, दोन सांडले. कात्रीने गोल कापायला दिला, तो बरा जमला. माझ्या दुकानात चिंध्या कापूनच तर ती मोठी झालीय. पेन्सिलीने ओळ लिहायला दिली तेव्हा तिचा खांदा कानाला लागला, जीभ बाहेर आली. बाई लिहीत होत्या. मग त्यांनी खुंटीवरच्या कोटाकडे बोट दाखवलं आणि त्या पिशवीत काहीतरी शोधू लागल्या. भिंगरीने कोट घातला. टप, टप, टप, टप, टप. बाईंनी मान वर केली, पाचही बटणं लागलेली पाहिली, भुवया उंचावून हसल्या. "आता काढ." भिंगरी खोकली आणि कोट काढला. बाईंनी कागदावर खूण केली.

मला आनंद झाला. लपवण्यात काय अर्थ आहे? काचेच्या अलीकडे माझी छाती फुगली होती. पोरीने बाजी मारली असं वाटलं मला. मूर्ख बाई मी.

सहा आठवड्यांनी बैठक. लांब टेबल, पलीकडे चौघं: वर्गाच्या बाई, थेरपिस्ट बाई, उपमुख्याध्यापक आणि या सगळ्या फायली सांभाळणाऱ्या समन्वयक बाई. अलीकडे आम्ही दोघं. नवरा गणवेशातच आला होता, टोपी मांडीवर. माझ्या मांडीवर भिंगरीचा कोट होता, कारण ती मैदानावर खेळत होती आणि जाताना तो माझ्या अंगावर फेकून गेली होती; मी सवयीने पाचही बटणं थापटून त्याची घडी केली होती. टेबलावर नाक पुसायच्या कागदांचा डबा होता आणि तो बरोब्बर माझ्यासमोर ठेवलेला. तेव्हाच समजायला हवं होतं.

समन्वयक बाई अहवाल वाचून दाखवू लागल्या. अकरा पानं. माझी लेक त्या अकरा पानांत कुठे होती मला कळेना. 'सदर विद्यार्थिनी' नावाची कुणी दुसरीच मुलगी होती. सदर विद्यार्थिनीची पकड कमकुवत. सदर विद्यार्थिनीचा लेखनवेग कमी. मी प्रत्येक वाक्याला मान हलवत होते, आता मिळते मदत, आता मिळते. मग त्या म्हणाल्या, "मात्र बटणे लावण्या-काढण्याचे कौशल्य वयाच्या मानाने उत्तम. पालकांच्या माहितीनेही यास दुजोरा मिळतो. बोटांच्या बारीक हालचालींचे एकूण गुण पात्रतेच्या रेषेच्या दोनने वर."

"म्हणजे?" नवऱ्याने विचारलं.

"म्हणजे आनंदाची गोष्ट आहे. ती थेरपीसाठी पात्र ठरत नाही."

वर्गाच्या बाईंनी पेन खाली ठेवलं. "पण ती लिहू शकत नाही," त्या म्हणाल्या.

"जी मुलगी पाच बटणं दहा सेकंदांत लावते, तिचे हात काम करतात," उपमुख्याध्यापक म्हणाले. "मग लिखाणात मागे का, तर बहुधा घरी सराव नसावा. तेच वर्ष पुन्हा केलं की होईल ठीक. पुन्हा अर्ज करायचा झाला तर वर्षभराने करता येईल." समन्वयक बाईंनी शेवटचं पान उलटलं. "आणि हो, एक आरोग्यविषयक नोंद आहे. कपडे बदलताना वारंवार खोकला येतो. डॉक्टरांना दाखवून घ्यावं."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. लग्नाला अकरा वर्षं झाली, त्याचं बघणं मला वाचता येतं.

आता इथे दोन रस्ते होते. अहवालावर सही करून उठायचं. सही म्हणजे मान्यता नव्हे, फक्त मिळाल्याची पोच, असं त्यांनी तीनदा सांगितलं होतं. माझी अब्रू जागच्या जागी, आणि भिंगरी पुढच्या वर्षी धाकट्या मुलांच्या बाकावर. किंवा. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? मी कोट उचलून टेबलावर ठेवला, कडा दोन्ही हातांनी धरली आणि ओढली.

कर्र.

त्या शांत खोलीत तो आवाज केवढा मोठा झाला! मी दुसरा उघडला, मग तिसरा. पाचही उघडले. कोट आतून त्यांच्यासमोर पसरला, शिवून बंद केलेली काजं, नखाएवढे तुकडे. माझं सगळ्यात सुबक काम. "तिला बटणं लावता येत नाहीत," मी म्हटलं. "मी लपवलं. खोकायलाही मीच शिकवलं."

थेरपिस्ट बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी कोट ओढून घेतला, एका बटणावरून अंगठा फिरवला. "मी हात लावून बघायला हवं होतं," त्या हळू म्हणाल्या. "पिशवीत डोकं होतं माझं."

उपमुख्याध्यापकांना मात्र राग आला. "फॉर्मवर तुमची सही आहे, ताई. खोटी माहिती दिलीत तुम्ही."

"दिली," मी म्हटलं. "शिक्षा मला करा. तिला कशाला?"

त्यानंतर जी काही कुजबुज आणि पानांची उलथापालथ झाली त्यातून असं निघालं की तेवढा एक भाग पुन्हा तपासता येईल. पुढच्या आठवड्यात. शाळेचा साधा शर्ट, खरी बटणं. मी खोलीत हजर राहायचं, पण हात मांडीवर आणि तोंड बंद. तोवर मुलीला काही शिकवायचं नाही, तयारी करून घ्यायची नाही. पहिली माहिती चुकीची होती असं मी लिहून दिलं. आपलेच दात, आपलेच ओठ, रागावणार कुणावर?

तो आठवडा मी तिला काही सांगितलं नाही. 'तयारी करून घ्यायची नाही' असा नियम होता, त्याच्या आड लपले मी. खरं म्हणजे धीर झाला नाही. तिला एवढंच म्हटलं, "त्या मण्यांच्या बाई परत बोलावतायत." तिला आनंद झाला. तिला त्या आवडल्या होत्या.

नकाशांच्या खोलीत मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. थेरपिस्ट बाईंनी हरवलेल्या कपड्यांच्या पेटीतला एक निळा शर्ट काढला, पाच पांढरी बटणं. "हा घालून दाखवतेस?" भिंगरीने हात घातले, दोन्ही कडा जवळ आणल्या आणि थापटलं. टप, टप, टप, टप, टप. मग हात सोडून ती ऐटीत उभी राहिली.

शर्ट उघडा पडला.

तिने खाली पाहिलं. पुन्हा थापटलं, या वेळी जोरात. पुन्हा उघडा. मग ती माझ्याकडे वळली आणि अगदी खासगी आवाजात म्हणाली, "आई, हा बिघडलाय."

माझे हात मांडीवर होते. मी त्यांच्यावर बसले असते तर बरं झालं असतं.

"बिघडला नाही गं राणी," थेरपिस्ट बाई म्हणाल्या, "ही साधी बटणं आहेत. तुला जमेल तसं कर. नाही जमलं तरी चालेल."

भिंगरीने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिचं डोकं धावतं, वर्गाच्या बाईंनी सांगितलंच होतं. तिच्या कानांच्या पाळ्या लाल होत गेल्या. तिने पहिलं बटण धरलं. काज शोधलं. बटण सुटलं. पुन्हा धरलं. टेबलावरचं छोटं घड्याळ टिकटिकत होतं आणि मी, जिने हजारो बटणं लावली, नजर त्या एका बटणावर खिळवून बसले होते. मला उठायचं होतं. त्या पोरीला उचलून बाहेर न्यायचं होतं, घालू दे तिला आयुष्यभर वेल्क्रो, कुणाच्या बापाचं काय जातंय! पण मी बसून राहिले, कारण ती जितकी हरणार तितकी तिला मदत मिळणार होती.

चार मिनिटांत एक बटण लागलं, तेही चुकीच्या काजात.

"छान प्रयत्न केलास," बाई म्हणाल्या. "आता काढ बरं."

भिंगरीने ते एकुलतं बटण धरलं. आणि खोकली.

बाईंचं पेन कागदावर टेकलं होतं, ते तिथेच थांबलं.

निकाल त्याच दिवशी कळला. रेषेच्या नऊने खाली. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, सोमवार आणि गुरुवार. समन्वयक बाईंनी माझा हात हातात घेऊन म्हटलं, "अभिनंदन!" मीही "धन्यवाद" म्हटलं.

बाहेर वारा होता. व्हरांड्यात भिंगरी खुंटीजवळ उभी होती, कोट हातात, घातलेला नाही. मी तिच्याजवळ गेले तशी ती घाईघाईने बोलू लागली, जणू मी ओरडायच्या आत तिला सगळं सांगून टाकायचं होतं. "आई, मी दर वेळी खोकले होते. खरंच. चित्रकलेच्या तासालासुद्धा. एकदाही विसरले नाही. मी कुणालाच सांगितलं नाही. मग त्यांना कसं कळलं?"

मी तिच्यासमोर गुडघ्यावर बसले, दोन वर्षांपूर्वी बसले होते तशी.

"तुझं काही चुकलं नाही," मी म्हटलं. "मी सांगितलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. रडली असती तर मी तिला जवळ घेतलं असतं. तिने कोट अंगात घातला. मी सवयीने हात पुढे केला, तशी ती एक पाऊल मागे सरकली. थापटलंही नाही. दोन्ही कडा एका मुठीत गच्च आवळल्या आणि फाटकापर्यंत माझ्यापुढे चार पावलं चालत गेली. वाऱ्यात तिची मूठ पांढरी पडली होती, पण तिने ती सोडली नाही.